पिवळा की पांढरा? घरातला उजेड निवडताना

२०१५ च्या सुरुवातीला मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे दिवे बदलले. सोडियमचे जुने पिवळे दिवे उतरले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. वीज वाचणार होती, रस्ता अधिक स्पष्ट दिसणार होता. तरीही शहरभर हळहळ झाली, कारण मलबार हिलवरून दिसणारा ‘क्वीन्स नेकलेस’ सोनेरी राहिला नव्हता. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे एलईडी बसवले गेले. दिवे एलईडीच राहिले, वीजही वाचत राहिली. बदलली ती फक्त उजेडाची छटा.

घरातल्या दिव्याचा प्रश्न आज नेमका इथेच येऊन थांबला आहे. कोणता दिवा घ्यायचा हे ठरलेले आहे: एलईडी. उरते ती छटा. तिचा निकाल मात्र आपण दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात लावतो. दुकानदार विचारतो, “पिवळा देऊ की पांढरा?” आणि बहुतेक जण सांगतात, “पांढराच द्या, उजेड जास्त पडतो.” मग तोच पांढरा दिवा स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीत, देवघरात, न्हाणीघरात आणि जिन्यातही लागतो. एकच दिवा सगळीकडे चालवण्याऐवजी थोडा विचार करून निवड केली, तर खर्च जवळपास तेवढाच येतो आणि घरात राहणे कितीतरी सुखाचे होते. तो विचार कसा करायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

खोक्यावरचे तीन आकडे

बल्बच्या खोक्यावर वॉटचा आकडा सगळ्यात ठळक असतो, पण उजेडाबद्दल तो फारसे काही सांगत नाही. वॉट म्हणजे दिवा किती वीज खाणार. उजेडासाठी पाहायचे ते दुसरे तीन आकडे.

पहिला लुमेन. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, ते हा आकडा सांगतो. नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो, म्हणजे जुन्या ६० वॉटच्या बल्बपेक्षा थोडा जास्तच.

दुसरा केल्विन. आकड्यापुढे ‘के’ हे अक्षर असते: २७००, ३०००, ४०००, ६५००. ही उजेडाची छटा. आपल्याकडच्या दुकानांत २७०० ते ३००० ला ‘वॉर्म व्हाइट’ म्हणतात, ४००० च्या आसपास ‘नॅचरल’ किंवा ‘न्यूट्रल व्हाइट’ आणि ६५०० ला ‘कूल डे लाइट’.

तिसरा सीआरआय. वस्तूंचे रंग त्या उजेडात किती खरे दिसतील, याचे हे गुण, शंभरपैकी. ८० सर्रास मिळतो, ९० मुद्दाम मागावा लागतो.

हे तिन्ही आकडे एकमेकांपासून वेगळे आहेत. “पांढरा दिवा जास्त उजेड देतो” हा समज या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे तयार होतो. एकाच कंपनीच्या, एकाच वॉटच्या दोन बल्बांत पांढऱ्याचे लुमेन पिवळ्यापेक्षा थोडे जास्त असतात हे खरे, पण तो फरक नजरेत भरण्याइतका क्वचितच असतो. खोली अंधारी वाटत असेल तर लुमेन वाढवायला हवेत. नऊ वॉटच्या जागी बारा वॉटचा पिवळा बल्ब लावला तर उजेडही वाढतो आणि छटाही हवी ती राहते.

पांढऱ्याची सवय आपल्याला लागली, त्यालाही कारण आहे. पिवळ्या बल्बच्या काळात घरात ट्यूबलाइट येणे म्हणजे खरा लख्ख उजेड येणे होते, कारण तेवढ्याच विजेत ट्यूब कितीतरी जास्त उजेड देत असे. पुढे जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि पांढरा उजेड गावोगाव पोचला. पांढरा म्हणजे भरपूर, पिवळा म्हणजे अपुरा, हे समीकरण त्या काळात बरोबर होते. आता दोन्ही छटांत तोच एलईडी आहे, म्हणून ते समीकरण सोडून द्यायला हरकत नाही.

केल्विनचा आकडा येतो कुठून

लोहाराच्या भट्टीत लोखंडाची कांब तापताना पाहिली असेल, तर केल्विनचे अर्धे गणित तुम्हाला आधीच माहीत आहे. कांब आधी काळपट लाल होते, मग लालभडक, मग नारिंगी, मग पिवळी. तापमान वाढते तसा तिचा उजेड लालाकडून पांढऱ्याकडे सरकतो. आणखी तापवता आली असती तर ती पांढरी आणि शेवटी निळसर झाली असती. पदार्थ कोणताही असो, रंगांचा हा क्रम जवळपास तोच राहतो. म्हणून उजेडाची छटा सांगायला तापमानाचा आकडा वापरतात. केल्विन हे माप विल्यम थॉमसन म्हणजेच लॉर्ड केल्विन यांच्या नावाचे. त्यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची पट्टी मांडली. तापणारी वस्तू कोणत्या तापमानाला कोणता उजेड किती देते, याचे सूत्र १९०० मध्ये माक्स प्लांक यांनी दिले.

या पट्टीवर ओळखीचे उजेड मांडून पाहिले की आकड्यांची भीती जाते. समई, निरांजन, मेणबत्ती यांची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास. जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. हॅलोजन ३०००. दुपारचे ऊन ५५०० च्या जवळ. ढगाळ दिवसाचा उजेड ६५०० च्या घरात आणि निरभ्र निळ्या आकाशाकडून सावलीत येणारा उजेड त्याच्याही पुष्कळ वर.

जुना बल्ब पिवळा का असे, तेही इथे कळते. त्याच्या आत टंगस्टनची तार खरोखरच तापत असे. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून तार टिकवायची तर तिला २७०० केल्विन, म्हणजे सुमारे २४०० अंशांच्या पलीकडे फारसे नेता येत नसे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडले की तोच बल्ब लालसर होत असे. तार थंड पडली की छटा पट्टीवर खाली घसरायचीच.

एलईडीत अशी तापणारी तार नसते. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. निळ्या उजेडाचा काही भाग लेपातून तसाच बाहेर येतो, काही भाग लेप शोषून घेऊन पिवळा-लाल करून सोडतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. निळी एलईडी बनवणे फार अवघड होते. ते जमवल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लेप जाड आणि लालाकडे झुकणारा असेल तर दिवा २७०० चा होतो, पातळ असेल तर ६५०० चा. म्हणजे एलईडीच्या बाबतीत केल्विनचा आकडा हे मिश्रण ओळखण्याचे साधन आहे. दिवा तेवढा तापलेला नसतो.

आणखी एक गोष्ट खरेदीत उपयोगी पडते. या पट्टीवरची पावले सारखी नसतात. २७०० आणि ३००० मधला तीनशेचा फरक डोळ्याला सहज कळतो, ६२०० आणि ६५०० मधला कळतही नाही. म्हणून पिवळ्या बाजूला आकडा नीट जुळवून घ्यावा. एका खोलीत दोन दिवे लावायचे आणि एक २७०० चा, दुसरा ३००० चा निघाला, तर ते शेजारी शेजारी खटकतात.

डोळा काय करतो, शरीर काय करते

तिन्हीसांजेला एखाद्या मोठ्या सोसायटीसमोर रस्त्यावर उभे राहून वर पाहा. काही खिडक्या केशरी दिसतात, काही निळसर. आत बसलेल्या माणसांना मात्र आपापला उजेड पांढराच वाटत असतो. डोळा आणि मेंदू मिळून काही मिनिटांत समोरच्या उजेडाशी जुळवून घेतात. त्यामुळे एका खोलीत एकच छटा असेल तर ती खुपत नाही. खुपते ती सरमिसळ. छताला ६५०० चा पॅनेल, कोपऱ्यात २७०० चा लॅम्प, असे दोन्ही एकदम पेटले की डोळ्याला कशाशी जुळवून घ्यावे ते ठरवता येत नाही. पॅनेल निळा आणि लॅम्प केशरी वाटू लागतो. म्हणून पहिला नियम: एका नजरेत, एका वेळी, एकच छटा. दोन छटांचे दिवे जरूर असावेत, पण वेगवेगळ्या बटणांवर.

दुसरी गोष्ट उजेडाच्या प्रमाणाची. फिलिप्समधले डच शास्त्रज्ञ क्रुइटहोफ यांनी १९४१ मध्ये मांडले, की मंद उजेड पिवळसर असला तर माणसाला बरा वाटतो आणि निळसर असला तर उदास, करडा वाटतो. निळसर पांढरा सुखावतो तो भरपूर असेल तेव्हाच. पुढच्या प्रयोगांत त्यांच्या आलेखाच्या रेषा तंतोतंत टिकल्या नाहीत, पण अनुभव रोजचा आहे. मोठ्या खोलीत पाच-सात वॉटचा एकच पांढरा बल्ब लावा, भिंती राखाडी आणि चेहरे आजारी दिसतात. तेवढ्याच उजेडाचा पिवळा बल्ब लावला तर खोली मंद वाटते, भकास वाटत नाही.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढेच त्या मेंदूला कळवतात. त्यांच्यातले मेलानोप्सिन हे रंगद्रव्य १९९८ मध्ये सापडले आणि २००२ मध्ये त्या पेशी स्वतः उजेड टिपतात हे दाखवले गेले. त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला, म्हणजे दिवसाच्या आकाशाच्या रंगाला. हा उजेड रात्री डोळ्यावर पडत राहिला की मेंदू दिवस समजतो आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. ६५०० च्या दिव्यात हा निळा भाग २७०० च्या दिव्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. अर्थात नुसती छटा पुरत नाही. झगझगीत पिवळा दिवाही झोप लांबवतोच. झोपेच्या आधीचा उजेड पिवळाही हवा आणि कमीही हवा.

म्हणून दिवा निवडताना खोलीचे नाव दुय्यम आहे. त्या खोलीत कोणत्या वेळी कोणते काम होते, हे आधी विचारावे. बारीक काम, भरपूर उजेड, दिवसाची वेळ असेल तर ४००० किंवा त्याहून वर. विसावा, मंद उजेड, रात्र असेल तर ३००० किंवा त्याहून खाली. पुढचे सगळे यातूनच निघते.

स्वयंपाकघर

इथे ४००० केल्विन घ्यावा आणि सीआरआय ९० चा आग्रह धरावा. कारण स्वयंपाक निम्मा डोळ्यांनी होतो. कढईत कांदा परतताना तो गुलाबी झाला, सोनेरी झाला की तांबूस व्हायला लागला, हे रंगावरूनच ठरते. फोडणीतली मोहरी तडतडल्याचे कानाला कळते, पण तिखट करपले की नाही हे रंगच सांगतो. सीआरआयची सरासरी आठ फिक्या रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत धरलेला नाही. त्यामुळे ८० गुणांच्या बल्बमध्येही लाल रंग अगदी मळका दिसू शकतो. टोमॅटो, तिखट, गाजर, मांस, मासळी हे सगळे लालाच्या घरातले. मासळी ताजी आहे का, हे कल्ल्यांच्या लालीवरून पाहतात. मळक्या उजेडात ती लाली ओळखता येत नाही.

पण छटेच्याही आधी दिव्याची जागा सुधारावी. बहुतेक घरांत स्वयंपाकघराचा दिवा मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यावर असतो. ओट्याकडे तोंड करून उभे राहिले की आपलीच सावली विळीवर आणि पोळपाटावर पडते. दिवा कितीही पांढरा केला तरी ही सावली जात नाही. उपाय सोपा आहे. ओट्यावरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ, एक बारीक एलईडी बॅटन किंवा पट्टी बसवावी. आठ फुटी ओट्याला दहा वॉटच्या आसपासची पट्टी पुरते. ती पुढच्या कडेला असली तर उजेड हातांवर पडतो आणि डोळ्यांत जात नाही. छतावरचा दिवा आणि ही पट्टी दोन्ही ४००० ची घ्यावीत. जेवणाचे टेबल स्वयंपाकघरातच असेल, तर त्याच्यावरचा दिवा वेगळ्या बटणावर, ३००० चा असावा. जेवायला बसले की ओट्याचे दिवे बंद आणि तो चालू.

बैठकीची खोली आणि एका खोलीचे घर

बैठकीच्या खोलीत दिवसभरात सगळेच चालते: मुलांचा अभ्यास, निवडणे-टिपणे, पाहुणे, टीव्ही, रात्रीच्या गप्पा. एकाच छटेत हे बसत नाही. दोन ओळी कराव्यात. कामाची ओळ, म्हणजे छतावरची बॅटन किंवा पॅनेल, ४००० ची. संध्याकाळची ओळ, म्हणजे भिंतीवरचे दिवे, कोपऱ्यातला लॅम्प किंवा फॉल्स सीलिंगच्या खाचेतली पट्टी, २७०० किंवा ३००० ची. दहा बाय बाराच्या खोलीला साधारण दोन हजार लुमेन पुरतात, म्हणजे वीस-बावीस वॉटची एक बॅटन. पाहुण्यांशी बोलताना किंवा टीव्ही पाहताना यातला अर्धाही उजेड लागत नाही.

भिंती आणि लाकूड यांचाही विचार करावा. भिंत आपला रंग उजेडात मिसळते. क्रीम भिंतींच्या खोलीत ४००० चा दिवाही थोडा उबदार होतो. निळ्या किंवा राखाडी भिंती २७०० मध्ये मळकट हिरवट दिसू शकतात. सागवानी झोपाळा, शिसवी कपाट, कोकणातल्या घरातले चिऱ्याचे जोते, लाल कोबा, सारवलेली जमीन या साऱ्यांचे सौंदर्य लाल-तपकिरी रंगात आहे. जो रंग उजेडातच कमी आहे, तो वस्तूवरून परत येणार कुठून? ६५०० च्या दिव्याखाली सागवान राखेसारखे दिसते आणि २७०० खाली त्याच्या रेषा वर येतात. जुन्या घरात पांढरे दिवे लावून घर उजळ होत नाही, तेव्हा बहुधा कारण हेच असते.

ज्यांचे सगळे घर एका खोलीत आहे, चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये, त्यांना हा विचार सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. तिथे खोली बदलता येत नाही, पण वेळ बदलते आणि वेळेप्रमाणे उजेड बदलता येतो. छताला ४००० ची एक बॅटन आणि खाली, खांद्याच्या उंचीवर, २७०० चा एक छोटा दिवा. स्वयंपाक आणि अभ्यास होईपर्यंत वरचा, जेवणे आटोपल्यावर खालचा. एक मूल अभ्यासाला बसले आहे आणि बाकीच्यांना झोपायचे आहे, अशा वेळी टेबल-लॅम्प त्याच्या वहीपुरता उजेड देतो आणि उरलेली खोली रात्रीत शिरते. हल्ली ‘थ्री-इन-वन’ बल्ब आणि पॅनेल मिळतात. बटण बंद करून पुन्हा लावले की छटा पांढरी, मधली, पिवळी अशी फिरते. एकच होल्डर असलेल्या खोलीसाठी तो चांगला मार्ग आहे.

निजायची खोली

इथे २७००, आणि तोही कमी. छताच्या मधोमध झगझगीत दिवा असेल तर आडवे झालेल्या माणसाच्या तो थेट डोळ्यांत जातो. उशाशी, गादीच्या पातळीला, पाच वॉटचा झाकलेला दिवा पुरतो. कपाट लावायला, चादरी बदलायला जास्त उजेड हवा असतो, त्यासाठी छतावर ३००० चा वेगळा दिवा ठेवावा. रात्री उठण्यासाठी निळा नाइट लॅम्प लावायची पद्धत आहे, ती मोडावी. निळ्याऐवजी केशरी किंवा लाल, आणि जमिनीजवळ. रात्री उठणाऱ्या वडीलधाऱ्यांना पावले टाकायला जमीन दिसणे महत्त्वाचे असते.

बाळंतिणीच्या खोलीत रात्रीच्या दुधासाठी असाच मंद केशरी दिवा असावा, म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही पुन्हा लवकर झोप लागते. एक काळजी मात्र घ्यावी. तान्ह्या बाळाची त्वचा किंवा डोळे पिवळे दिसतात का, हे पिवळ्या दिव्याखाली कधीच पाहू नये. दिवसा खिडकीजवळ नेऊन नैसर्गिक उजेडातच पाहावे आणि शंका आली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

अभ्यास, आणि घरातली वडील माणसे

अभ्यासाच्या टेबलावर ४००० चा लॅम्प ठेवावा. तीनशे ते पाचशे लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड वहीवर पडला की वाचनाला पुरतो आणि तो जवळच्या लॅम्पने सहज मिळतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला लॅम्प ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. बाकीची खोली अगदी काळोखी ठेवू नये. रात्री उशिरापर्यंत जागून अभ्यास करणाऱ्या मुलांनी शेवटच्या तासाभरात लॅम्प पिवळ्यावर आणावा.

वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे आणि गढूळ होत जाते, बाहुलीही लहान होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून आजी-आजोबा “दिवा लावा” म्हणतात तेव्हा त्यांना खरोखरच कमी दिसत असते. त्यांच्यासाठी लुमेन वाढवावेत आणि दिवा पेपराजवळ, पोथीजवळ आणावा. नुसता दिवा पांढरा करून ही उणीव भरत नाही, उलट उघड्या पांढऱ्या एलईडीची तिरीप त्यांना जास्त त्रास देते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सगळे जरा निळसर दिसते. पिवळे भिंग जाऊन स्वच्छ भिंग आलेले असते. तेव्हा घरातले दिवे एक पायरी पिवळ्याकडे नेले तर त्यांना बरे वाटते.

देवघर, आरसा, अंगण

देवघरात समई आणि निरांजन असते. ज्योत १९०० ची आणि डोक्यावर ६५०० चा दिवा, म्हणजे ज्योत असून नसल्यासारखी. तिथे २२०० ते २७०० चा, कमी वॉटचा दिवा लावावा. पितळ, तांबे, कुंकू, झेंडू आणि चंदनाचे गंध, सगळ्यांचे रंग त्यात खुलतात. दिवाळीत गॅलरीत पणत्या लावताना शेजारचा पांढरा दिवा बंद ठेवला, तर पणत्यांचे तेज वेगळे उमटते.

आरशाजवळ ४००० आणि सीआरआय ९०. दिवा आरशाच्या वर एकटा असेल तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दोन्ही बाजूंना दोन दिवे असले की दाढी करणे आणि कुंकू लावणे दोन्ही नीट होते. कपाटापाशीही हाच दिवा योग्य. पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, म्हणून गडद निळे आणि काळे तिथे सारखेच दिसतात. साडी घेताना जाणत्या बायका ती दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात पाहतात, ती यासाठीच. दोन कापडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली जुळत नाहीत. ब्लाउजपीस जुळवायचे असेल किंवा पैठणीची धूपछांव पाहायची असेल, तर दिवसाच्या उजेडाला पर्याय नाही.

अंगणात, व्हरांड्यात, बाल्कनीत आणि जिन्यात २७०० ते ३००० घ्यावा. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याभोवती किड्यांची झुंबड उडते, कारण बहुतेक किडे निळ्या आणि अतिनील बाजूच्या उजेडाकडे जास्त ओढले जातात. पिवळ्या दिव्याकडे ते कमी येतात. न्हाणीघराचा साधा दिवा रात्रीही लागतो, म्हणून तिथे ३००० बरा. माळ्यावर, अडगळीत, गाडीच्या शेडमध्ये ६५०० खुशाल वापरावा. तिथे वस्तू शोधायची असते, बसायचे नसते.

दुकानात आणि घरी

दुकानात जाताना होल्डर पाहून जावे: पिनचा की आट्यांचा. काउंटरवर “पिवळा” किंवा “पांढरा” न म्हणता आकडा सांगावा: “सत्तावीसशेचा द्या”, “चार हजारचा द्या”. ४००० चा बल्ब लहान दुकानात नसतो, मागवून घ्यावा लागतो. खोक्यावर लुमेन, केल्विन, बीआयएसची खूण आणि ऊर्जा बचतीचे तारे पाहावेत. सीआरआय लिहिलेला नसेल तर तो ८० च्या वर नाही असे धरून चालावे. दुकानातल्या फलकावर दहा दिवे शेजारी शेजारी पेटलेले असतात, तिथे छटा ठरवू नये. डोळा तिथे कशाशीच जुळवून घेत नाही. मोबाइलच्या फोटोवरूनही नको, कारण कॅमेरा छटा आपोआप सरळ करतो. मोबाइलचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. स्लो-मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ घ्या. उजेड जोरात लुकलुकताना दिसला तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर लावू नका.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलाच एलईडी घ्यावा आणि पंख्याच्या रेग्युलेटरवर तो जोडू नये. जुना बल्ब मंद केला की लालसर होत असे. साधा एलईडी मंद झाला तरी छटा तीच ठेवतो.

सगळे दिवे एकदम बदलायची गरज नाही. आधी २७०० चा एकच बल्ब आणावा आणि निजायच्या खोलीत लावावा. पहिल्या संध्याकाळी तो कमीच वाटेल, कारण डोळ्याला पांढऱ्याची सवय आहे. आठवडाभर तसाच राहू द्यावा. मग ओट्यावरची पट्टी बसवावी, कारण तिचा फायदा पहिल्याच दिवशी हाताला कळतो. बैठकीची दुसरी ओळ त्यानंतर. काढलेले पांढरे बल्ब माळ्यावर, शेडमध्ये, जिथे त्यांचे काम आहे तिथे लावावेत. एकही दिवा वाया जात नाही आणि दोन-तीनशे रुपयांत घरात कामाचा उजेड आणि विसाव्याचा उजेड वेगळे होऊ लागतात.